खुला बाजार आणि कास्तकारांचे पुढारपण

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावचा कास्तकार सोयाबीनची सोंगणी व मळणी आटोपून दिवाळीच्या सुमारास माल विकावयास निघतो आणि जवळच्या कारंजा बाजाराची वाट धरतो, तेव्हा आपण ज्या आवारात कट्टे उतरवीत आहोत त्याचे या देशाच्या आर्थिक इतिहासात काय स्थान आहे, याची जाणीव त्याला क्वचितच असते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला होता, आणि १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमान्वये कारंजा येथील कापसाच्या बाजारास जी शिस्त लावण्यात आली, तीमुळे हे गाव हिंदुस्थानातील पहिल्या नियंत्रित शेतमाल बाजाराचे ठिकाण ठरले. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने आपला अहवाल सादर करताना नियंत्रित बाजारांचा प्रसार इतर प्रांतांतही व्हावा अशी शिफारस केली, तेव्हा त्याच्या नजरेसमोर वऱ्हाडचाच नमुना होता. ज्या प्रश्नाचा आढावा येथे घ्यावयाचा आहे, तो प्रश्न असा की बाजार जेव्हा सरकारच्या मुठीतून सुटून मोकळा होऊ लागतो, तेव्हा त्यात इतरांच्या वतीने व इतरांच्या पैशाने व्यवहार करणारी जबाबदार माणसे कोठून येतात, आणि ती हेतुपुरस्सर घडविता येतात काय. हा प्रश्न मॉस्को किंवा शांघाय यांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. पण तो इंझोरीच्या वेशीवरून पाहिला असता त्याची जी बाजू दिसते, ती मला अधिक मोलाची वाटते.

कारंजाच्या नियंत्रित बाजाराने कास्तकाराला सरळ काटा, ठरलेली जागा आणि ठरलेली दलाली दिली. ही देणगी लहान नव्हती. कारण तत्पूर्वी मापात आणि कडत्यात त्याचे किती जात असे, याला काही हिशेबच नव्हता. परंतु ही सर्व व्यवस्था मुख्यतः मँचेस्टरच्या गिरण्यांना बिनभेसळ कापूस वेळेवर मिळावा या गरजेतून उभी राहिली होती, आणि तिच्यात कास्तकाराची भूमिका माल आणणाऱ्याची आणि चुकारा घेऊन परतणाऱ्याची एवढीच होती. व्यापाराची विद्या होती ती पेढीवर. पेढीवरचा मुलगा दहाव्या-बाराव्या वर्षी गादीच्या कडेला बसे, मुनिमाच्या देखरेखीखाली रोजकीर्द लिही, तीवरून खतावणी करी, हुंडीची मुदत तोंडपाठ ठेवी, सरकी दाताखाली धरून तिचा ओलावा ओळखी, आणि विसाव्या वर्षी त्याला एखाद्या लहान खरेदीचा मुखत्यार केले जाई, तोपर्यंत त्याच्या हातून दोन-चार नुकसानीही होऊन गेलेल्या असत. त्याच्या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हते. परंतु व्यापारी नेतृत्व घडविणारी याहून अधिक कसलेली शाळा आपल्या प्रदेशात त्या काळी दुसरी नव्हती, आणि तिचा दरवाजा जातीने व नात्याने बंद होता, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

याच मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे तीर्थस्थान पोहरादेवी आहे, आणि त्या निमित्ताने एका विसरलेल्या गोष्टीचे स्मरण होते. रेल्वे येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून शेकडो कोसांची मजल मारणारे लमाणांचे तांडे हे चालते-फिरते व्यापारी संघच होते. तांड्याचा नायक मार्ग ठरवी, भाव ठरवी, फौजांना रसद पुरविण्याचे करार करी, आणि तोटा आला तर त्याला तांड्यापुढे उभे राहावे लागे. १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला, तांड्यांचा धंदा बुडाला, आणि १८७१ नंतरच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी या समाजाच्या अनेक शाखांच्या कपाळी जो डाग लावला, त्यात हे पिढीजात कौशल्य कायमचे झाकले गेले. तेव्हा या भागातील श्रमजीवी माणसाला व्यापाराचे अंग नाही, असे जे सरसकट बोलले जाते, ते इतिहासाला धरून नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्याने कास्तकाराच्या बाजूने उभे राहण्याचे ठरविले आणि त्या हेतूची शुद्धता वादातीत आहे. पण व्यापारी नेतृत्वाच्या दृष्टीने त्याचा परिणाम काय झाला, हे तटस्थपणे पाहिले पाहिजे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना अस्तित्वात आली आणि १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापसाचा खरेदीदार एकच राहिला. भाव सरकारने ठरवावयाचा, प्रत संकलन केंद्रावरच्या ग्रेडरने ठरवावयाची, चुकारा हप्त्यांनी यावयाचा, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला तरी गाडी सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरावयाचा. या व्यवस्थेने मंदीच्या वर्षी कास्तकाराला आधार दिला हे खरे. परंतु बापाने आणि मुलाने, अशा दोन पिढ्यांनी, दोन खरेदीदारांचे भाव कधी ताडून पाहिले नाहीत, धाग्याची लांबी मोजून कधी सौदा केला नाही, माल रोखून धरण्याचा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर कधी घेतला नाही. पैशाच्या तोट्याची भरपाई होऊ शकते. न मिळालेल्या अनुभवाची होत नाही. २००२ च्या सुमारास ही मक्तेदारी संपली आणि खाजगी व्यापाऱ्यांना दारे उघडली, तेव्हा वऱ्हाडचा कास्तकार तीस वर्षांच्या विश्रांतीनंतर एकाएकी कुस्तीच्या आखाड्यात उतरविलेल्या मल्लासारखा होता.

पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा दाखला येथे हटकून दिला जाईल, आणि तो द्यावयासही हवा. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे अल्पशिक्षित शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, या दोघांच्या सहकार्यातून प्रवरा काठचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. गावोगाव हिंडून भाग भांडवल गोळा करणारा एक, आणि हिशेबाची व धोरणाची घडी बसविणारा दुसरा, अशी ती जोडी होती. आणंदच्या दूध संघात त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांची जोडी याच जातीची. लोकांचा विश्वास ज्याच्यावर आहे असा पुढारी आणि धंद्याचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे असा व्यवस्थापक यांचा संयोग जेथे जमला तेथे संस्था उभी राहिली, हा या इतिहासाचा सर्वांत ठळक धडा आहे. तथापि साखर धंद्यातही परवाना, लेव्ही साखरेचा दर, उसाचा किमान भाव, कर्जाची हमी हे सारे सरकारच्या हाती असल्यामुळे कालांतराने संचालकांचे मुख्य कसब मंत्रालयातून काम करून आणण्याचे ठरले, आणि कारखान्याच्या अध्यक्षपदावरून आमदारकीकडे जाणारी वाट इतकी रुळली, की बाजारपेठेकडे जाणाऱ्या वाटेवर गवत वाढले. नियंत्रित अर्थव्यवस्था पुढारी घडवीत नाही, असे नव्हे. ती दुसऱ्या प्रकारचे पुढारी घडविते.

रशियात याचे प्रत्यंतर फार मोठ्या प्रमाणावर आले. १९९२ मध्ये तेथे प्रत्येक नागरिकास दहा हजार रुबलची खाजगीकरणाची पत्रिका वाटण्यात आली. पण भाग वाटल्याने मालकपण येत नाही, आणि जुन्या राजवटीत कारखान्यांवर बसलेले व्यवस्थापकच बव्हंशी नव्या व्यवस्थेत त्यांचे स्वामी झाले. १९९७ मध्ये अध्यक्ष येल्त्सिन यांच्या हुकुमाने दरवर्षी हजारो तरुण व्यवस्थापकांना शिक्षण देण्याची योजना सुरू करावी लागली. मालकी आधी आणि शिक्षण मागाहून, हा तो क्रम होता. याउलट चीनने १९८० मध्येच दालियन येथे परदेशी अध्यापकांच्या मदतीने व्यवस्थापन शिक्षणाचे केंद्र उघडले होते.

आपल्याकडे १९९१ च्या जुलैमध्ये परवानापद्धती मोडावयास आरंभ झाला तो उद्योगांपुरता; शेतमालाच्या बाजाराला मोकळीक मिळावयास आणखी एक-दोन तपे जावी लागली, आणि ती मोकळीकही अर्धवट व चाचपडत आली. मात्र त्याच १९९१ च्या नोव्हेंबरात शेगावच्या मेळाव्यात शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यांपुढे चतुरंग शेतीचा जो कार्यक्रम मांडला, त्यात सीताशेती (कमी खर्चाची, निसर्गाशी जुळवून घेणारी शेती) व माजघर शेती (मालावर घरच्या घरी प्रक्रिया) यांच्या जोडीला व्यापार शेती आणि निर्यात शेती यांचा स्पष्ट उच्चार होता. ज्या नेत्याने दहा वर्षे रास्त भावाच्या मागणीसाठी रस्ते अडविले, त्याने सरकारकडे बोट दाखविणे थांबवून स्वतः तागडी हाती घ्या असे सांगावे, ही घटना मला मराठी शेतकरी चळवळीच्या इतिहासातील एक वळण वाटते. अनुयायांना ते वळण कितपत पेलले, हा निराळा प्रश्न आहे. आंदोलनाचा कार्यकर्ता आणि व्यापाराचा कारभारी यांचे गुण एकाच देहात क्वचितच नांदतात.

व्यापार शेतीसाठी योग्य असे कायदेशीर साधन हाती आले ते २००३ च्या फेब्रुवारीत. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी हा नवा प्रकार निर्माण झाला. किमान दहा उत्पादकांनी एकत्र यावे, पाच ते पंधरा संचालक असावेत, प्रत्येक सभासदास भाग कितीही असले तरी मत एकच असावे, आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असलाच पाहिजे, अशी ही रचना म्हणजे सहकाराचा आत्मा आणि कंपनीचे शरीर यांचा मेळ होता. विखे आणि गाडगीळ यांची जी जोडी दैवयोगाने जमली होती, ती येथे कलमाने बंधनकारक केली गेली. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची ६,८६५ कोटी रुपयांची योजना काढली. तीत सभासदाच्या भागाइतकीच, माणशी दोन हजारांपर्यंत, रक्कम सरकारने घालावयाची, आणि व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत साहाय्य द्यावयाचे, अशी तरतूद आहे.

या तरतुदी इंझोरीसारख्या गावच्या मापाने मोजून पाहाव्यात. सभोवतालच्या चार-पाच खेड्यांतील ३०० कास्तकारांनी कंपनी काढली, प्रत्येकाने दोन हजारांचे भाग घेतले, तर सहा लाख जमतात आणि सरकारचे सहा लाख मिळून बारा लाख होतात. प्रत्येकाचे केवळ दहा क्विंटल सोयाबीन धरले तरी ३,००० क्विंटल माल होतो, आणि चार हजार रुपये भावाने त्याची किंमत एक कोटी वीस लाख. म्हणजे कंपनीचे सारे भांडवल ओतले तरी सभासदांच्या मालाचा दहावा हिस्साच रोखीने घेता येईल. उरलेले नऊ हिस्से एकतर बँकेच्या कर्जावर घ्यावे लागतील किंवा सभासदांनी चुकाऱ्यासाठी थांबले पाहिजे. आणि मुलीचे लग्न, रब्बीचे बियाणे व कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असलेला कास्तकार, अडत्या आवारातच रोख मोजून देत असता, शेजाऱ्याच्या शब्दावर महिनाभर का थांबेल? जो माणूस त्याला थांबावयास लावू शकेल, आणि त्या थांबण्याचे चीज करील, त्यालाच मी व्यापारी पुढारी म्हणतो. दुसरा हिशेब व्यवस्थापकाचा. योजनेतून त्याच्या पगारापोटी महिना पंचवीस हजारांपर्यंत मिळतात, म्हणजे वर्षाचे तीन लाख; तीन वर्षांनी हे साहाय्य थांबले की क्विंटलमागे शंभर रुपये निव्वळ गाळा सुटला असे धरूनही हा एकच पगार काढण्यासाठी ३,००० क्विंटल, म्हणजे सभासदांचे वर वर्णिलेले सारे पीक, कंपनीतून जावे लागेल. चौथ्या वर्षी व्यवस्थापक सोडून जातो आणि कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागते, ते असे. त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. साधा त्रैराशिकाचा नियम असतो.

प्रशिक्षणाची वाण मात्र आपल्याकडे नाही. छत्रपती संभाजीनगर येथे (पूर्वीच्या औरंगाबादेस) १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे, आणंदला १९७९ पासून ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे, पुण्याला वैकुंठ मेहता यांच्या नावाची सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, अकोल्यास कृषी विद्यापीठ आहे. शिवाय जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणारे पोकरा आणि स्मार्ट हे शेतीविषयक प्रकल्प आहेत. या सर्वांतून शिबिरे होतात, सहली निघतात, संचालकांना फायली मिळतात. माझे मत, जे मी विचारपूर्वक मांडतो, असे आहे की या शिक्षणाचा मोठा भाग अनुदानाचा प्रस्ताव कसा तयार करावा या एका विद्येभोवती फिरतो. भांडवली खर्चाचा साठ टक्के भार प्रकल्प उचलतो म्हणून गोदाम बांधले जाते, चाळणी यंत्र बसते, फीत कापली जाते. आणि त्या यंत्रातून वर्षाकाठी किती माल जावा म्हणजे उरलेल्या चाळीस टक्क्यांचे व्याज तरी निघेल, हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत कोणी विचारीत नाही. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे अमाप पीक आले, भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळले, आणि सरकारी खरेदीच्या कामात उत्पादक कंपन्यांनाही वाटा मिळाला. वजन, नोंद, पोत्यांची थप्पी, वाहतूक यांचा त्यांना सराव झाला हा लाभच. पण ठरलेल्या भावाने, दुसऱ्याच्या पैशाने व ठराविक दलालीवर केलेल्या खरेदीत व्यापाराची जोखीम नसते, आणि जोखमीवाचून निर्णयशक्तीचा व्यायाम होत नाही.

निर्णयशक्ती म्हणजे काय, याचा पाठ २०२१ च्या सोयाबीनने दिला. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये क्विंटलचा भाव कित्येक बाजारांत नऊ-दहा हजारांवर गेला. कोंबडी पाळणाऱ्यांच्या ओरडीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली, नवे पीक बाजारात येऊ लागले, आणि हंगामाच्या तोंडावर भाव गडगडले. डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार बंद केले, त्यामुळे पुढच्या भावाची चाहूल घेण्याची एक खिडकीही मिटली. आता इंझोरीच्या एखाद्या संचालकाने त्या ऑक्टोबरात काय करावयास हवे होते? आर्जेंटिना-ब्राझीलची पिके, पामतेलावरील आयातशुल्क, लातूरचा रोजचा भाव, आपल्या मालातील ओलावा, गोदामाचे भाडे आणि सभासदांची निकड, इतक्या गोष्टी एकाच वेळी मनात तोलून ‘निम्मा विकू, निम्मा ठेवू’ असे तीनशे माणसांना सांगणे, आणि अंदाज चुकला तर ग्रामसभेच्या पारावर त्याच तीनशे माणसांत पुन्हा बसणे, हे ते कसब आहे. कोणत्याही तीन दिवसांच्या शिबिरात ते येणार नाही.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे उदाहरण हल्ली सर्वत्र दिले जाते. विलास शिंदे यांनी उभी केलेली ही उत्पादक कंपनी द्राक्षनिर्यातीत अग्रेसर झाली आणि २०२२ मध्ये तिच्या उपकंपनीत युरोपातील गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. त्या यशाचे वर्णन करणाऱ्यांनी हेही सांगावे की कंपनीपूर्वीची शिंदे यांची वर्षे अपयशाची व कर्जाची होती, आणि २०१० मध्ये एका रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात नाकारली गेली, तेव्हा त्या सबंध धंद्याला जबर फटका बसला होता. द्राक्षाला जी किंमत मिळते ती सोयाबीनला मिळत नाही, म्हणून मोहाडीचा आराखडा उचलून वाशिमला आणणे व्यर्थ आहे. आणावयाची असेल तर ती सोसण्याची आणि नोंद ठेवण्याची सवय आणावी. स्पेनमधील मोंद्रागोन येथे आरिस्मेंदियारिएता या धर्मगुरूने १९४३ मध्ये प्रथम कारागीर मुलांची शाळा काढली, आणि तिच्या विद्यार्थ्यांनी पहिला सहकारी कारखाना उभारला तो १९५६ मध्ये. मधली तेरा वर्षे कोणत्या अनुदान योजनेत बसली असती?

आणि तरीही अशी शाळा आपल्या गावागावांत आज भरते आहे, केवळ तिच्याकडे त्या दृष्टीने कोणी पाहत नाही. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या आधाराने चालणाऱ्या महिला बचत गटांची पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि बिनचूक लेखे. पेढीवरच्या मुलाला जे विसाव्या वर्षापर्यंत मिळे, त्याचा गाभा या पाच शब्दांत आहे, आणि येथे दरवाजावर जात विचारली जात नाही. दहा बायांच्या गटात लिहिता येणारी एखादीच असली तरी इतर नऊजणींना कोणाकडे किती बाकी आहे हे मुखोद्गत असते. कर्ज नाकारावयाचे तर ते नात्यातल्या बाईला तोंडावर नाकारावे लागते. मला या संपूर्ण प्रश्नात सर्वांत आशेची जागा हीच वाटते, आणि सर्वांत खेदाची गोष्ट ही की शेतमालाच्या कंपन्यांत याच स्त्रिया पुष्कळदा नियमाची पूर्तता म्हणून संचालक होतात, सहीपुरत्या बैठकीला येतात, आणि भाव ठरविण्याच्या वेळी त्यांना कोणी विचारीत नाही. ज्या बाईने बारा वर्षे गटाचे लेखे सांभाळले, तिला कंपनीची खतावणी आणि खरेदीचा अधिकार द्यावा. हा फेरबदल करावयास कोणत्याही जागतिक बँकेची मंजुरी लागत नाही.

आरंभ लहान असला तरी चालेल, किंबहुना लहानच असावा. बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पंचवीस कास्तकारांनी प्रत्येकी चार क्विंटल सोयाबीन घरीच चाळून, वाळवून, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणून तारण ठेवावे, व ते केव्हा विकावयाचे याचा निर्णय एकत्र बसून करावा. शंभर क्विंटलांवर क्विंटलमागे दोनशे रुपयांनी अंदाज चुकला तर तोटा वीस हजारांचा, माणशी आठशेचा. वहीत एका रकान्यात त्या दिवशीचा कारंजाचा भाव लिहावा, दुसऱ्यात लातूरचा, तिसऱ्यात आपण काय ठरविले आणि का ठरविले ते, आणि चौथा रकाना विक्रीच्या दिवसापर्यंत कोरा ठेवावा.